जाणाऱ्याचं जेवण

"ताई, बाबाले आता तिकडंच राहू दे," चंद्रशेखर म्हणाला, आणि तारेत मधेच दुसऱ्याच कुणाचं तरी हसणं मिसळलं. ते विरलं तेव्हा त्याचा आवाज पुन्हा वर आला, विहिरीत वाकून कुणी बोलावं तसा. "आयकू येऊन राह्यलं का तुले?" लीलावतीने हो म्हटलं. वरच्या मजल्यावरच्या श्रीवास्तवांच्या टेलिफोनवर क्रोशाचा रुमाल असायचा. भाभींनी तो काढून तिच्याच हातात दिला होता आणि ती तो बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत उभी होती. बाबांची रस्त्याकडची खोली पाडली, चंद्रशेखर सांगत होता, तिथं पिठाची चक्की बसवली. आता आत दोनच खोल्या, पोरी मोठ्या झाल्या, बायकोची, वासंतीची तब्येत तू पाहिलीच आहेस. "अन् आमच्याच्यानं नाही होत आता, ताई. खरं सांगून राह्यलो. तूच त्याईले समजावून सांग. तुझं आयकतात ते." जयंती तोंडावर आली आहे, बाबा रोज मिरवणुकीतल्या झेंड्याचं बोलतात, असं काहीतरी ती म्हणणार होती. डोळ्यांचं ऑपरेशन होईपर्यंतच असं ठरलं होतं, असंही म्हणणार होती. पण वेळ संपल्याचं सांगणारी बाई तारेत आली आणि घाईघाईत लीलावतीच्या तोंडून एवढंच निघालं, "अच्छा." फोन ठेवल्यावर तिला ते ऐकू आलं. अच्छा. सब्जीवाल्याला म्हणावं, दूधवाल्या भैयाला म्हणावं, तसं सख्ख्या भावाला. बरं म्हटलं असतं तर त्यात निदान रुसायला जागा होती, "बरं बाबा, तुझं खरं" असं म्हणून भांडणाचं एक टोक हातात ठेवता आलं असतं. अच्छा म्हणजे व्यवहार मिटला. "सब खैरियत?" भाभींनी विचारलं. "हाँ भाभीजी, सब खैरियत," ती म्हणाली आणि रुमालाची घडी फोनवर नीट बसवून जिना उतरली.

आलमबागच्या त्या रेल्वेच्या क्वार्टरांना पुढे हातभर व्हरांडा होता. चैताचं ऊन तिथून निघून जायच्या बेतात असताना बाबा रोज तिथं बाकावर बसत. आजही बसले होते. मोतीबिंदू काढल्यावर मिळालेल्या जाड भिंगांमागे त्यांचे डोळे मोठे, ओले, नुकतेच झोपेतून उठवल्यासारखे दिसत. शेजारी त्यांची पिशवी. ती पिशवी होळीच्या दुसऱ्या दिवसापासून भरलेली होती. त्यातलं एक धोतर लागलं की ते काढत, धुऊन वाळलं की स्वतः घडी करून परत आत ठेवत, म्हणजे पिशवी भरलेलीच राही. "कोनाचा फोन व्हता वं?" त्यांनी विचारलं. "भाभींकडं काम होतं जरा," ती म्हणाली. "मले वाटलं शेखरचा." तिने बाकावरची पिशवी जरा आत सरकवली. "जवाईबापूनं टिकिटाचं पाह्यलं का? जयंतीच्या आदी पोचलं पाह्यजे. मंग गर्दी होते गाडीले." "पाहतील," ती म्हणाली आणि आत आली. चपला काढताना तिला वाटलं, हे पाय आपले नाहीत, कुणाचे तरी सांभाळायला दिलेले आहेत आणि ते परत मागायला कुणी येत नाही.

थकवा तरी कसला, हे तिला सांगता आलं नसतं. कामाची सवय होती. लग्न होऊन या शहरात आली तेव्हा लाल विटांच्या या रांगा, भोंगा झाला की सायकलींचा लोंढा, सगळ्यांचं ते आप, जनाब, पहले आप, हे सगळं पाहुण्यासारखं पाहिलं होतं, आणि पाहुण्यासारखंच अजून पाहत होती. मधे एवढी वर्षं गेली. दयाराम सोलापूरकडचे, ती वर्ध्याकडची. घरातली मराठीसुद्धा दोघांनी तडजोड करून बनवलेली, त्यांच्या बोलीतलं थोडं, तिच्या बोलीतलं थोडं, आणि फटींमधून हिंदी. लेक उल्का त्या फटींमध्येच वाढली. सगळं समजतं, मराठी बोलत मात्र नाही. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे सांगत राहायचं, बापाचं लेकीला, लेकीचं बापाला, नवऱ्याचं भावाला. सगळ्यांचं बोलणं आपल्यातून जातं, आपलं म्हणून आत काही थांबत नाही, असं तिला हल्ली दुपारी आडवं पडल्यावर वाटे. मग ती उठून बसे.

आणि बाबा जेवत नव्हते. हट्ट नव्हता, तक्रार नव्हती. ताटावर बसत, अर्धी पोळी खात, वरणाचं बोट चाटत आणि म्हणत, "झालं पाह्यजे तितकं." तिने ज्वारी शोधली. निशातगंजला एका दुकानात मिळाली, दळून आणली, पण भाकरी भेगाळली. बाबांनी भेगांवरून बोट फिरवलं आणि तिलाच समजावलं, "जुनी असन जवारी. तुहा दोष नाही." वांग्याचं केलं, आंबाडी मिळाली नाही म्हणून चुक्याचं केलं. शेवटी एकदा चिडून म्हणाली, "बाबा, तुम्हाला भूक लागत तरी नाही का?" तर हसून म्हणाले, "माही भूक तिकडंच राह्यली, पोरी. पिशवीत घ्याची याद नाही राह्यली." उल्का खो खो हसली होती. "मम्मी, नाना तो शायर हैं!" बाबांना ते नाना काही पटत नसे. "आमच्या गावात नाना म्हंजे एकच, तो दारू पिऊन हिरीत पडला तो. मले आजोबा म्हन." "अच्छा, आजोबा नाना," उल्का म्हणायची.

आज उल्का आली तीच पाकीट नाचवत. "मम्मी! आज मैकरोनी! आपने प्रॉमिस किया था, होली के पहले." महानगर मोहल्ल्यात तिची कुणी मैत्रीण होती, तिच्या वाढदिवसाला ही खाऊन आली होती तेव्हापासून घरात मॅकरोनीचा जप चालला होता. "आज नको गं, उल्का. आज जरा..." "जरा क्या?" जरा काय, ते सांगता येत नव्हतं. व्हरांड्यात बाबा बसले होते. "आण," ती म्हणाली. निदान नवं काही केलं की हात त्यात गुंततील, डोकं हातांच्या मागे जाईल. टोमॅटो किती, कांदा किती हे उल्काने पाकिटावरचं इंग्रजी वाचून हिंदीत सांगितलं. तिने ते मनात मराठीत केलं आणि आधण ठेवलं.

पाण्याला बुडबुडे येईपर्यंत तिने कांदा बारीक चिरला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिला बरंच वाटलं, कारण सांगायची गरज नव्हती. चंद्रशेखर लहानपणी कांद्याने रडायचा नाही, तो मुद्दाम डोळे उघडे ठेवून बसायचा आणि माय म्हणायची, हा पोरगा कठीण होईल. तसा तो कठीण नव्हता. त्याच्या आवाजात ते नव्हतंच. त्याच्या आवाजात तिचाच आवाज होता, दुपारी आडवं पडून उठून बसणाऱ्या बाईचा. त्यामुळेच त्याच्यावर नीट रागावताही येईना. उल्का मागून तेलाच्या कढईत डोकावली. "मम्मी, राई मत डालना प्लीज! उसके यहाँ राई नहीं थी." मोहरी हातात होती. तिने परत डब्यात टाकली. बिनमोहरीची फोडणी तडतडली नाही, मुकाट्याने लाल झाली. लसूण, कांदा, मग टोमॅटो. इथले गावठी टोमॅटो आंबट, म्हणून तिने बोटभर गूळ टाकला आणि उल्काकडे पाहिलं. उल्काचं लक्ष नव्हतं.

मग तिने पाकीट फोडलं आणि मूठभर मॅकरोनी तळहातावर घेतली. पोकळ, वाकडी, कोरडी नळकांडी. तिने एक उचलून डोळ्याजवळ धरलं, आरपार खिडकीतला उजेड दिसला, आणि कसलाही प्रयत्न न करता तिला मायचं अंगण दिसलं. अंगणात सुपं, सुपांवर धोतराची धुतलेली फडकी, आणि बाया मांडीवर तुरीच्या काड्या फिरवत बसलेल्या. भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गोल गोल गुंडाळायची, तळहाताने जराशी दाबायची, आणि काडी अलगद ओढून घ्यायची. काडी निघाली की मागे राहायचा तो सरगुंडा. नुसता आकार, मधे काही नाही. लहानपणी तिच्या हातून काडी ओढताना सरगुंडा फाटायचा आणि माय म्हणायची, "सोडवून घेता आलं पाह्यजे, लीला. जोर लावू नको." मायचं नाव द्रौपदी. आवाज जरा बसका, पण अंगणात बसली की तिच्याच तोंडातून आधी ओवी निघायची आणि बाकीच्या मागून धरायच्या:

सरगुंडा बाई पोकळ, आत वारा वाहे
जाणाराच्या वाटेवरी माझा जीव राहे

लीलावतीच्या ओठांवर ते आलं, पण चाल आली नाही. पाणी उकळून वर आलं तेव्हा तिने सगळं पाकीट त्यात रिकामं केलं. सरगुंडे रोजच्या खाण्याचे नव्हतेच. उन्हाळ्यात आंब्याच्या रसाबरोबर, एरवी गुळवणीबरोबर, आणि तिच्या घरात तर ठरलेलंच: घरातून कुणी जायचं असलं की आदल्या रात्री. बाबा नागपूरला दीक्षाभूमीवर पहिल्यांदा गेले त्याच्या आदल्या रात्री. चंद्रशेखर शिकायला वर्ध्याच्या वसतिगृहात गेला तेव्हा. तिच्या लग्नात, सासरी निघायच्या आदल्या रात्री, घरात पाहुण्यांची एवढी रेटारेटी, तरी मायने चुलीच्या कोपऱ्यात तिच्यापुरते वाफवले आणि पितळीत वाढून पदराआड आणून दिले. तिला एकही गिळवला नव्हता. माय समोर बसून राहिली होती, खा म्हणाली नाही, रडली नाही. पंख्याने तिला वारा घालत राहिली, थंडीच्या दिवसांत. त्या पंख्याची तिला पुढे कितीदा तरी आठवण झाली, पण सरगुंड्यांची आज, इतक्या वर्षांनी. इथे ती कधी करायला बसली नाही. तुरीच्या काड्या कुठून आणायच्या, आणि बायकाही कुठून. "मम्मी, चिपक जाएगी! चलाओ!" उल्का ओरडली. तिने पळी फिरवली. तळाशी काही चिकटली होतीच.

दयाराम आले तेव्हा ती मॅकरोनी पुरणाच्या जाळीत ओतून वरून गार पाणी घालत होती. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला. तो पुसत ते दारातच उभे राहिले. "काय वास येतोय. अगं, काय हे? गोगलगायी शिजवल्या का काय?" "तुमच्या लेकीची मॅकरोनी." मग तिने आवाज खाली आणून सांगून टाकलं, फोनचं, चक्कीचं, वासंतीचं, सगळं, जाळीकडे बघत. त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "अच्छा," ते म्हणाले. आज दुसऱ्यांदा तो शब्द. "मग राहू देत की इथं. आपल्याला काय जड आहेत?" "आपल्याला जड नाहीत." "मग?" "बाबांना जड आहे, इथं राहणं." दयारामांनी नळाखाली हात धरले. ऑफिसातून आल्यावर ते कोपरापर्यंत हात धूत, पाइपातल्या कोमट पाण्याने, खूप वेळ. "मी सांगू?" "नको. मला सांगितलंय त्याने." "मग जेवल्यावर सांग. पोट भरलेलं असलं की माणूस ऐकून घेतो." "त्यांचं पोट कुठं भरतंय?" ती म्हणाली, आणि ते जरा चढ्या आवाजात निघालं. व्हरांड्यातून बाबांचं खाकरणं ऐकू आलं. दयारामांनी नळ बंद केला.

टीव्हीवर बातम्या लागायच्या वेळेला ती सगळी पुढच्या खोलीत चटईवर बसली. वीज आज होती. उल्काने डब्यातलं चीज किसून वर भुरभुरवलं आणि आजोबांचं ताट स्वतः त्यांच्यापुढे ठेवलं. "खाइए नाना. आपके लिए स्पेशल, चीज ज़्यादा." बाबांसाठी लीलावतीने बाजूला दोन पोळ्या आणि वरणही आणलं होतं, नेहमीसारखं अर्धं परत नेण्यासाठी. बाबांनी ताटाकडे पाहिलं. मग चष्मा नाकावर नीट बसवला आणि खाली वाकले. बोटांनी एक नळकांडं उचललं, त्यावरचं लाल अंगठ्याने निपटलं, आणि दिव्याकडे धरून त्यातून आरपार पाहिलं. भिंगामागचा मोठा ओला डोळा त्या भोकाला लागला होता. लीलावतीला ते हसू येण्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी आठवलं, मघा आपणही असंच पाहिलं होतं. तिला कळलं. पण उशिरा.

"सरगुंडे," बाबा म्हणाले. हळूच, कुणाला उठवायचं नाही अशा आवाजात. मग जोरात, "अवं, सरगुंडे केले तुनं!"

"नाना, ये मैकरोनी है," उल्का म्हणाली.

"तुमच्याकडं म्हनत असतीन तसं. नाव काईबी ठेवा, पोरी." ते हसत होते. दात नसलेलं, सगळा चेहरा ओढून घेणारं हसू, ऑपरेशनची पट्टी सोडली त्या दिवशीसुद्धा ते असे हसले नव्हते. "बोलली नाहीस तू! दिवसभर बोलली नाहीस मले. मी म्हनो, पोरगी आज अशी काहून फिरून राह्यली, नजर चुकवत." त्यांनी दयारामांकडे पाहिलं. "कवाची गाडी हाये, जवाईबापू? सकायची का रातची?"

दयारामांचा घास हातातच राहिला. त्यांनी लीलावतीकडे पाहिलं. टीव्हीवर कुणी मंत्री विमानाची शिडी उतरत होते. बाबांना उत्तराची घाई नव्हती. ते जेवायला लागले होते. एक, मग दोन, मग घास करून, टोमॅटोत लोळवून. गुळाचा अंश त्यांच्या जिभेला लागला असावा, कारण ते मान हलवून म्हणाले, "गुळवनी आंबट झाली थोडीक. पन चालते. तुह्या मायचीबी व्हायची कदी कदी." मग मिरवणुकीचं सुरू झालं. झेंडा ते किती वर्षं धरतात, बांबू आता जड होतो पण पोरांना धरायचा कसा ते कळत नाही, वाऱ्याच्या विरुद्ध धरतात आणि मग ओढले जातात. वेशीपासून विहारापर्यंत वाट अशी अशी आहे. त्यांनी पाण्याच्या तांब्याभोवती बोटाने चटईवर वाट काढून उल्काला दाखवली. "तुले एकदा घेऊन येतो. निया फेटा बांधतो तुले, झेंड्याच्याच रंगाचा." "लड़की को फेटा?" "काहून? डोक्सं नाही का तुले?" उल्का हसली आणि तिने न विचारता त्यांना आणखी वाढलं. त्यांनी हात आडवा धरला नाही. लीलावती बघत होती. एवढे महिने ज्या माणसाने ताटात पोळी अर्धी मोडली, तो दुसऱ्यांदा वाढून घेत होता. तिला वाटलं, खाऊ दे. आज खाऊ दे. उद्या सांगता येईल. उद्या गाडी चुकली म्हणता येईल, परवा टिकिट नाही म्हणता येईल, असं करत जयंती निघून जाईल. तिला ते सगळं अंगावरून जाताना दिसलं, रोज एक खोटं घडी करून पिशवीत ठेवायचं, काढायचं, परत ठेवायचं. आणि ती इतकी थकलेली होती की तेवढंसुद्धा तिच्याने होणार नव्हतं.

बाबांचं ताट पुसल्यासारखं झालं होतं. कडेला एकच सरगुंडा त्यांनी मुद्दाम ठेवला होता, लाल निपटून, साफ करून. उल्काने चमचा पुढे केला तसा त्यांनी तो हाताने झाकला. "हा राहू दे. जानारानं एक ठेवाचा असते ताटात. मंग तो परत येते." आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "दिवाईले येतो मी तुमच्याकडं. पक्कं."

"बाबा," लीलावती म्हणाली.

"हां."

"हे सरगुंडे नाहीत. मॅकरोनी आहे. दुकानातून आणलेली."

"असन. मी कुठं..."

"टिकिट काढलं नाही, बाबा. काढणारही नाही." आवाज तिचाच होता, पण तो इतका सपाट होता की उल्काने उठून टीव्ही बंद केला. "शेखरचा फोन होता दुपारी. रस्त्याकडची खोली पाडली त्यांनी. तुम्हाला आता इथंच राहायचं आहे. आमच्याकडं." वासंतीचं ती बोलली नाही, आमच्याच्यानं होत नाही हेही नाही. तेवढं तिने आत ठेवलं. पंखा फिरत होता. दयाराम खाली ताटात बघत होते.

बाबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे अगदी लहान दिसत, कुणाचेही असावेत तसे. मग म्हणाले, "पाडली. काय बसवलं तिथं?"

"पिठाची चक्की."

"चक्की." त्यांनी मान हलवली. "चालते का?"

"चालते म्हणाला."

"बरं झालं. गावात चक्की नव्हतीच. बायाईले सेलूले जा लागे, डोक्श्यावर घेऊन." त्यांनी चष्मा पुन्हा लावला, एक कान चुकला, पुन्हा लावला. "झेंड्याचं सांगा लागन कोनाले तरी. वाऱ्याकडं तोंड करून धरू नोको म्हना." ते कुणाला उद्देशून होतं कळलं नाही. उल्का रडवेली झाली होती. "आजोबा," ती म्हणाली. नुसतं आजोबा. बाबांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, ऐकलं अशा अर्थाची. मग ताटाच्या कडेला ठेवलेला तो एक त्यांनी दोन बोटांनी उचलला, तोंडात घातला, आणि हळूहळू चावत राहिले.